एमजीबीला पॉवर स्टिअरिंग: आधी कारण शोधा, मग मोटर बसवा

एमजीबीचं स्टिअरिंग मुळात जड नव्हतं. १९६२ साली इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनच्या कारखान्यातून ही दोन आसनी गाडी बाहेर पडू लागली, तेव्हा तिचं वजन टनाच्या आत होतं, टायर अरुंद होते आणि स्टिअरिंग व्हील चांगलं साडेसोळा इंचांचं होतं. रॅक अँड पिनियनमुळे हाताची हालचाल थेट चाकांपर्यंत पोचायची, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्हील तीन फेऱ्यांच्या आत फिरायचं. १९८० मध्ये उत्पादन थांबलं तोवर पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या होत्या. त्यातल्या एकीलाही कारखान्याने पॉवर स्टिअरिंग दिलं नाही आणि गिऱ्हाइकांनीही त्यासाठी फारशी कुरकुर केली नाही. गाडी जड झाली ती नंतर, आणि बहुतेक वेळा मालकाच्याच हातांनी.

मालक पहिल्यांदा काय बदलतो? चौदा इंची बारीक चाकं काढून पंधरा इंची रुंद अलॉय लावतो. १६५ च्या जागी १९५ चा टायर येतो, म्हणजे रस्त्याला टेकणारी पट्टी सुमारे १८ टक्क्यांनी रुंद होते. चाकाचा ऑफसेट चुकीचा निवडला असेल तर टायर किंगपिनपासून, म्हणजे चाक ज्याभोवती वळतं त्या खिळीपासून, बाहेर सरकतो. मग ब्रेक दाबून गाडी वळवताना जोर लागतो, आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा मनगटाला कळतो. त्यानंतर येतं तेरा इंची देखणं लाकडी किंवा चामडी स्टिअरिंग व्हील. साडेसोळा इंचांवरून तेरावर आलात की तेवढ्याच कामासाठी हाताला सुमारे २७ टक्के जास्त जोर लावावा लागतो. यात मतमतांतराला जागा नाही, तरफेचा शाळेतला नियम आहे. चाकं आणि व्हील दोन्ही बदलून झाल्यावर 'पार्किंगला खांदा दुखतो' अशी तक्रार सुरू होते.

ज्यांनी रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन बसवलंय ते दोष इंजिनाला देतात. हा आरोप बराचसा चुकीचा आहे. ते इंजिन अॅल्युमिनियमचं आहे आणि वजनाला मूळच्या बिडाच्या चार सिलिंडरवाल्याच्या आसपासच भरतं. कारखान्यानेच १९७३ ते १९७६ या काळात हे इंजिन घातलेली जीटी व्ही-८ विकली, तीही पॉवर स्टिअरिंगशिवाय. पुढचं वजन खरोखर वाढलं होतं ते एमजीबीच्याच भावंडात, १९६७ च्या एमजीसीत. तिच्यात बिडाचं सहा सिलिंडरचं तीन लिटर इंजिन होतं. तिथे कारखान्याने रॅकचं गुणोत्तरच सैल केलं. टोकापासून टोकापर्यंत साडेतीन फेऱ्या झाल्या, हाताला हलकं झालं, पण गाडीची चपळाई गेली. त्या काळच्या पत्रकारांनी तिला जी नावं ठेवली त्यात या सुस्तपणाचा वाटा मोठा होता. मोटर न बसवता हलकेपणा विकत घ्यायचा तर किंमत कुठेतरी चुकवावीच लागते, हे एमजीसीवरून दिसतं.

चाकं हवेत उचलून बघा

एक पैसाही खर्च करण्याआधी गाडीची पुढची बाजू जॅकवर उचला, खाली भक्कम स्टँड लावा आणि व्हील फिरवा. दोन बोटांनी ते सहज फिरलं पाहिजे. फिरत नसेल, मध्येच अडकत असेल, एका बाजूला हलकं आणि दुसऱ्या बाजूला जड लागत असेल, तर तुमच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नको आहे, दुरुस्ती हवी आहे. अशा गाडीवर मोटर बसवली तर ती बिघाडावर पांघरूण घालते, आणि त्या पांघरुणाखाली झीज चालूच राहते.

संशयित मोजकेच आहेत. पहिला किंगपिन. एमजीबीत आधुनिक गाड्यांसारखे बॉल जॉइंट नाहीत. किंगपिनला प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल आहेत, आणि त्यांत नियमाने, साधारण पाच हजार किलोमीटरच्या आत, ग्रीस भरायची असते. चाकावरचा भार काढून भरली तर ती योग्य जागी पोचते. वर्षानुवर्षं ग्रीस न दिलेली गाडी वळणातून बाहेर पडताना व्हील आपोआप सरळ येऊच देत नाही, ते ओढून सरळ करावं लागतं. दुसरा संशयित रॅक. त्यात तेल असतं. रॅकच्या टोकांची रबरी गेटर फाटली की तेल गळून जातं आणि रॅक कोरडा चालत राहतो. तिसरा म्हणजे कॉलम आणि पिनियन यांच्यामधला युनिव्हर्सल जॉइंट. इंजिन बदलताना रॅक उतरवला असेल आणि परत बसवताना शिम नीट घातल्या नसतील, तर कॉलम आणि पिनियन एका रेषेत येत नाहीत. मग जॉइंट दर अर्ध्या फेरीला आवळतो.

हे सगळं ठीक असेल तर टायरची हवा आणि टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते, बघा. मूळ पुस्तकात पुढच्या रेडियल टायरला २१ पीएसआय सांगितलंय. आजच्या टायरना तीन-चार पीएसआय जास्त हवा भरली तर पार्किंगचा जोर जाणवण्याइतका कमी होतो. हा उपाय फुकटातला आहे, म्हणून बहुधा कोणी करून बघत नाही. टो-इन दीड ते सव्वादोन मिलिमीटर.

एवढं करूनही हळू वेगात हात भरून येत असतील, रुंद टायर तुम्हाला ठेवायचेच असतील, किंवा खांद्याने आणि मनगटाने आता साथ सोडली असेल, तर पुढे वाचा. मनगटातल्या संधिवातापायी आवडती गाडी विकून टाकण्यापेक्षा तिला मोटर लावणं केव्हाही चांगलं. शुद्धतावाद्यांना काय म्हणायचंय ते म्हणू द्या.

तीन वाटा

पॉवर स्टिअरिंगची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२६ मध्येच हायड्रॉलिक पद्धत गाडीवर चालवून दाखवली होती. १९५१ साली क्रायस्लरने ती इंपीरियल या गाडीतून बाजारात आणली. इंजिनाच्या पट्ट्यावर पंप फिरतो, पंप तेलाला दाब देतो आणि दाबाचं तेल रॅकला ढकलतं. एमजीबीत हे बसवता येतं, पण माझं मत स्पष्ट आहे: या वाटेला जाऊ नका. दुसऱ्या गाडीचा हायड्रॉलिक रॅक क्रॉसमेंबरवर बसवायचा म्हणजे त्याच्या आतल्या सांध्यांमधलं अंतर मूळ रॅकशी तंतोतंत जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर सस्पेन्शन वरखाली होताना चाकं आपोआप वळतात. खराब रस्त्यावर गाडी डावी-उजवी हुंगत चालते आणि ते दुखणं अलाइनमेंटने बरं होत नाही. शिवाय व्ही-८ असेल तर पंप आणि नळ्यांना जागा कुठली काढणार? एग्झॉस्ट आधीच स्टिअरिंगच्या दांड्याला खेटून गेलेला असतो.

दुसरी वाट पंप विजेवर चालवण्याची. पंप डिकीत किंवा पुढच्या कोपऱ्यात ठेवता येतो, पण रॅकचा प्रश्न तसाच राहतो.

तिसरी वाट कॉलमवरच्या इलेक्ट्रिक मोटरची. १९८८ मध्ये सुझुकीने सर्व्हो या चिमुकल्या गाडीत ती पहिल्यांदा आणली, आणि आज आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हीच पद्धत आहे. स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक टॉर्शन बार असतो. तुम्ही व्हील वळवलं की तो किंचित पिळला जातो, सेन्सर तो पीळ मोजतो, कंट्रोल युनिट मोटरला त्या प्रमाणात करंट सोडतं आणि मोटर वर्म गिअरमधून खालचा दांडा फिरवते. रॅक मूळचा, टाय रॉड मूळचे, बॉनेटखाली पंप नाही की नळ्या नाहीत. स्टिअरिंगमधला बदल फक्त डॅशबोर्डच्या मागे होतो आणि पुढेमागे तो उलटवताही येतो. मोटर बंद पडली तरी व्हील आणि चाकं यांच्यामधला लोखंडी दुवा कायम राहतो. माझी पसंती यालाच आहे आणि यापुढचं सगळं याविषयीच आहे.

युरोपातल्या हौशी लोकांनी यासाठी ओपेल-व्हॉक्सहॉल कोर्साचा मोटरवाला कॉलम वापरायला सुरुवात केली. अमेरिकेतले लोक सॅटर्न व्ह्यू गाडीतला वापरतात. भंगारातून हा कॉलम स्वस्तात मिळतो. पण तो एमजीबीत बसवायचा म्हणजे दोन दांडे कापून एकमेकांना वेल्ड करावे लागतात. स्टिअरिंगच्या दांड्यावर घरगुती वेल्डिंग नको, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. ज्याचं रोजचं काम अशा जोडण्या करून तपासण्याचं आहे त्याच्याकडूनच ते करून घ्या. नाहीतर एमजीबीसाठी तयार मिळणारा संच घ्या. संच मागवताना गाडीचं साल, डाव्या हाताची की उजव्या हाताची आणि क्रोम बंपरची की १९७४ नंतरच्या रबर बंपरची, हे कळवा, कारण कॉलम वर्षांनुसार बदलत गेला आहे. अमेरिकेसाठीच्या १९६८ पासूनच्या गाड्यांत अपघातात दबणारा कॉलम आहे. तुमच्या गाडीत तो असेल तर नव्या संचातही ती सोय शाबूत आहे का, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या. नसेल तर तो संच स्वस्त असला तरी परत पाठवा.

विजेचा हिशेब

या कामात माणसं इथेच फसतात. पार्किंगमध्ये जागेवर व्हील वळवताना मोटर ४० अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट सहज ओढते. बारा व्होल्टच्या हिशेबाने ते जवळपास ४८० वॉट झाले. सरळ रस्त्यावर तिची भूक नगण्य असते. पण पार्किंग होतं ते इंजिन आयडलिंगवर असताना, बहुधा संध्याकाळी, दिवे लावलेले असताना. म्हणजे गाडी कमीत कमी वीज बनवते नेमकी तेव्हाच जास्तीत जास्त मागितली जाते.

आता गाडीकडे काय आहे ते बघा. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत लुकासचा डायनमो होता, तो फार तर २२ अँपिअर देतो आणि आयडलिंगला जवळजवळ काहीच देत नाही. शिवाय त्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत. आजची कंट्रोल युनिट निगेटिव्ह अर्थवर चालतात. उलटं जोडलंत तर पहिल्याच क्षणी युनिट जळेल आणि वॉरंटीवाला हसेल. अशी गाडी आधी निगेटिव्ह अर्थवर न्यावी लागते, आणि त्याच फेरीत अल्टरनेटर बसवून घ्यावा. त्यानंतरच्या गाड्यांतला सुरुवातीचा लुकास अल्टरनेटर ३४ अँपिअरचा, पुढचा ४५ च्या आसपासचा. ४५ वाला निरोगी असेल तर दिवसाउजेडी निभावतं. पण विजेचा पंखा, हॅलोजन दिवे आणि म्युझिक सिस्टिम आधीच असेल तर सरळ ७० अँपिअरचा अल्टरनेटर घाला. त्याचा खर्च पॉवर स्टिअरिंगच्याच खर्चात धरा, वेगळा मानू नका.

बॅटरी कुठे आहे तेही विसरू नका. एमजीबीची बॅटरी सीटच्या मागे असते, आणि १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन असतात. त्यांच्यामधल्या जोडणीचे नटबोल्ट गंजलेले असले की स्टार्टर कसाबसा फिरतो, पण मोटरचं कंट्रोल युनिट व्होल्टेज पडल्याचं पाहून मदतच बंद करतं, तीही नेमकी वळणात. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत जाड केबल आधीच गेलेली आहे, तेव्हा मोटरचा पुरवठा स्टार्टरच्या त्या टर्मिनलवरून घ्या. लगेच शेजारी फ्यूज लावा. संचवाल्याने सांगितलेल्या रेटिंगचाच, 'थोडा मोठा' नको. तिथून आत सहा ते दहा चौरस मिलिमीटरची वायर न्या. अडीचची वायर वापरली तर तीन मीटरमध्ये ४० अँपिअरला एका बाजूनेच सुमारे पाऊण ते एक व्होल्ट खाल्ला जातो, आणि तेवढी वायर गरमही होते. डॅशबोर्डमागे लुकासच्या तपकिरी वायरीत कायम करंट असतो, म्हणून मेस्त्री मोहापायी तिथूनच पुरवठा घ्यायला बघतो. घेऊ देऊ नका. पन्नास वर्षांच्या त्या वायरीवर आधीच गाडीतला सगळा संसार लटकलाय. अर्थची वायरही तेवढीच जाड हवी आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर आवळलेली हवी.

बसवताना

बॅटरी सोडवा, चाकं सरळ ठेवा, पिनियन आणि जॉइंटवर खूण करा, मगच जुना कॉलम काढा. नवा कॉलम घालताना आधी सगळे बोल्ट हातानेच लावा, व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा आणि कुठेही आवळत नसेल तरच पाना लावा. दोन युनिव्हर्सल जॉइंट असतील तर त्यांचे काटे एकाच प्रतलात असले पाहिजेत. तसं नसेल तर व्हील दर फेरीत दोनदा हलकं आणि दोनदा जड लागतं, मग लोक मोटरला शिव्या देतात.

मोटर दांडा फिरवते तेव्हा तेवढ्याच जोराने स्वतः उलटी फिरू बघते. म्हणून तिला धरणारं ब्रॅकेट भक्कम हवं, नुसत्या पत्र्याला टेकवलेलं नको. मोटरच्या खालचे सगळे भाग, म्हणजे खालचा जॉइंट, त्याचा आवळणारा बोल्ट, पिनियन आणि रॅकचे बोल्ट, आता पूर्वीपेक्षा जास्त जोर सोसणार आहेत. जुन्या जॉइंटला थोडाही प्ले असेल तर तो आत्ताच बदला. क्लच आणि ब्रेकच्या पेडलला पाय पूर्ण दाबून बघा. मोटरचं पोट पेडलच्या वाटेत किंवा उंच माणसाच्या गुडघ्यात येऊ शकतं, आणि हे शोरूममधल्या फोटोत दिसत नाही. कंट्रोल युनिट हीटरपासून आणि गळक्या काचेच्या रबरापासून दूर ठेवा. सॉफ्ट टॉपच्या गाडीत पावसाचं पाणी कुठून आत येतं हे मालकालाच ठाऊक असतं.

चाचणी पुन्हा चाकं हवेत ठेवूनच सुरू करा. इग्निशन चालू केल्यावर व्हील आपोआप एका बाजूला सरकू लागलं तर लगेच बंद करा. टॉर्क सेन्सरचा मध्य चुकलेला आहे आणि ती गाडी रस्त्यावर नेण्यासारखी नाही. हे ठीक असेल तर मोकळ्या मैदानात मोटरचा फ्यूज काढून गाडी हळू चालवा. मदत गेल्यावर हाताला किती जोर लागतो याची ओळख आत्ताच करून घ्या, भर रहदारीत पहिल्यांदा नको. गाडी जो कोणी चालवणार असेल त्यालाही ही ओळख करून द्या. धोक्याचा दिवा डॅशबोर्डवर समोर दिसेल असाच लावा.

मदत किती हवी हे ठरवणारी गुंडी बहुतेक संचांत मिळते. वेगाचा सिग्नल घेणारा संच असेल तर वेग वाढेल तशी मदत कमी होते. असा संच घेण्यात दोन पैसे जास्त गेले तरी हरकत नाही. नुसत्या गुंडीचा असेल तर गुंडी सगळ्यात खालच्या टोकाला ठेवून सुरुवात करा आणि पार्किंग जेमतेम सुसह्य होईल तिथे थांबा. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत व्हील एका बोटाने फिरवून खूश होणारे पुढे ताशी नव्वदला गाडी धरताना घाबरतात. गुंडी डॅशबोर्डखाली, चालत्या गाडीत हात पोचणार नाही अशा जागी लावा असं माझं मत आहे. चालवताना खेळायची ती वस्तू नाही.

आता कॅस्टरबद्दल, म्हणजे किंगपिन मागे किती झुकलेला आहे त्या कोनाबद्दल, कारण इथे जुना सल्ला उलटा करायचा आहे. एमजीबीचा कॅस्टर मूळचा सात अंशांचा, आजच्या रेडियल टायरसाठी जरा जास्तच. स्टिअरिंग हलकं करायला लोक क्रॉसमेंबरखाली पाचरी घालून तो पाचावर आणतात. विनामोटर गाडीत हा उपाय चांगला आहे. पण वळण संपल्यावर व्हील आपोआप सरळ येतं ते बव्हंशी कॅस्टरमुळेच, आणि मोटर व वर्म गिअरचं घर्षण नेमकं त्यालाच अडवतं. पाचरी आणि मोटर दोन्ही असली की व्हील वळणात तसंच रेंगाळतं आणि गाडी सैल, परकी वाटते. तेव्हा मोटर बसवणार असाल तर पाचरी काढून मूळ सात अंश परत आणा. जोर मोटर देईल, सरळ यायचं काम कॅस्टर करेल. फक्त रॅक क्रॉसमेंबरलाच बोल्ट केलेला आहे, तेव्हा पाचरी काढल्या की रॅकचाही कोन बदलतो आणि युनिव्हर्सल जॉइंट पुन्हा तपासावा लागतो. म्हणून हा बदल कॉलम बसवण्याआधी करा.

पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर कॉलमचा, जॉइंटचा आणि रॅकचा प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासा.

कागदपत्रं

ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीतून सूट आहे. स्टिअरिंगची पद्धत बदलणं हा मोठा बदल धरला जाऊ शकतो, सुरक्षिततेसाठी केलेल्या सुधारणांना मात्र मुभा आहे. सूट असली तरी या कामानंतर एकदा तपासणी करून घ्या. परक्या माणसाने खालून बघितलेलं बरं असतं. विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

भारतात चित्र वेगळं आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना, उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येणार नाहीत असं स्पष्ट केलं. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, त्यांतही गाडी मूळ रूपात असण्याची अट आहे. मुंबई-पुण्यात एखादी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार किंवा अगदी प्रीमियर पद्मिनी बाळगणाऱ्याने मोटर मागवण्याआधी आरटीओत विचारणा करावी आणि उत्तर लेखी घ्यावं. मूळ कॉलम, त्याचे बोल्ट आणि जुनी वायरिंग विकू नका. नोंदणीच्या वेळी किंवा गाडी विकताना तेच परत बसवावं लागेल.